निष्कलंक निवड

मॅडोनाच्या पहिल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ संग्रहाकडे साहित्याच्या अभ्यासकाने पाहावे ते त्याच्या नावापासून. नोव्हेंबर १९९० मध्ये निघालेला हा संग्रह ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’. पणजीच्या चर्चचे नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातला श्लेष सांगायला नको. (मेरी स्वतः आदिपापाच्या डागाविना गर्भात आली, असा तो कॅथलिक सिद्धान्त, येशूच्या जन्माशी आपण त्याची सर्रास गल्लत करतो.) गर्भधारणेच्या जागी ‘संग्रह’ हा शब्द घालून तिने थट्टा तर केलीच, पण निवडीविषयी एक मार्मिक विधानही केले. फसलेल्या गाण्यांचे पाप गाळूनच असा संग्रह जन्माला येतो.

निवड केवळ यशाच्या हिशेबाने झाली असे मात्र नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘हूज दॅट गर्ल’ इथे नाही. ‘हॉलिडे’पासून ‘व्होग’पर्यंत पंधरा जुनी गाणी साधारण कालक्रमाने येतात आणि नाचऱ्या पोरीची स्वतःच्या प्रतिमेची मालकीण कशी झाली, याचे सात वर्षांचे आत्मचरित्र तयार होते. आत्मचरित्रकार जे गाळतो ते तिनेही गाळले.

मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. जुनी गाणी इथे जशीच्या तशी नाहीत. क्यूसाउंड नावाच्या तंत्राने त्यांचे पुन्हा मिश्रण केले आहे. काहींचा ठेकाच वेगळा आहे. १९८९ च्या अल्बममधले ‘एक्स्प्रेस युवरसेल्फ’ आणि इथले, यांत तर पाठभेद म्हणावा इतके अंतर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वसतिगृहात ही सतरा गाणी मी कॅसेटवर ऐकली. मूळ अल्बम पुष्कळ नंतर हाती आले, आणि मूळ पाठच मला कुणीतरी बिघडवल्यासारखे वाटले. आजही वाटतात. संहितेच्या प्रामाण्याबद्दल वर्गात मी जे सांगतो ते माझ्या कानांना मान्य नाही.

आमच्या वर्गात कवी येतो तो ‘निवडक’ म्हणूनच. एखादी विद्यार्थिनी ग्रंथालयातून त्याचा मूळ संग्रह काढून आणते आणि विचारते, “सर, इतक्या सामान्य कविताही यांनी लिहिल्या?” मला तर हल्ली त्या सामान्य कविताच वाचाव्याशा वाटतात. चांगली कविता कुठल्या कवितांच्या शेजारी बसून लिहिली गेली, हे संपादकाच्या कात्रीतून सुटलेल्या पानांवरच कळते.

तरी या संग्रहाच्या शेवटी दोन नवी गाणी आहेत, हे विसरता येत नाही. त्यांतले ‘जस्टिफाय माय लव्ह’ जवळजवळ कुजबुजलेलेच आहे. त्याची चित्रफीत एमटीव्हीने दाखवायचे नाकारले. ज्या गाण्याला अजून कुणी ‘हिट’ म्हटलेले नव्हते, ते तिने ‘हिट्स’च्या रांगेत बसवून टाकले.