शेवटच्या तासाचे मजूर

मिल्टन १६५२ च्या सुमारास पूर्ण अंध झाला. आपल्या अंधत्वावर त्याने लिहिलेल्या सुनीतामागे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातील दाखला आहे: धन्याने सोपविलेले धन जमिनीत पुरणारा चाकर बाहेरच्या अंधारात टाकला जातो. वर्गात हे सुनीत शिकविताना त्यातील न्यायाचे भय आम्हांस निव्वळ अलंकार वाटे. पुढे आमचीच दृष्टी मंदावली, अर्धे लिहिलेले पुस्तक कपाटात राहिले, आणि तो चाकर ओळखीचा वाटू लागला. (श्रद्धा नसलेल्यालाही हिशेब चुकत नाही म्हणायचा!) त्याच शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात मात्र शेवटच्या तासाला द्राक्षमळ्यात आलेल्या मजुरांनाही पुऱ्या दिवसाचीच मजुरी मिळते. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. पूर्वी आम्ही त्यांच्या बाजूचे होतो.