हळद, ययाती आणि उरलेली भाकरी

'ययाती' शिकवून आम्ही वर्गाबाहेर पडत होतो, तेव्हा एक विद्यार्थिनी मागोमाग आली. कादंबरीविषयी काही शंका असेल असे वाटून आम्ही थांबलो. तिने आवाज खाली आणून विचारले, "मॅडम, काय खाल्लं म्हणजे चेहऱ्यावर तेज येतं? घरी स्थळं बघतायत. आई रोज रात्री हळदीचं दूध देते. रात्रीची भाकरी मात्र बंद केलीय."

'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आमच्या ओठांवर आली होती. ती आम्ही तशीच गिळली. म्हण उतावीळ माणसाची थट्टा करते. या मुलीच्या बाबतीत उतावीळ दुसरेच होते आणि उपाशी ती होती.

सांगलीत राहून हळदीला नावे ठेवणे आम्हांस जमणारही नाही. २०१८ साली येथील हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हरिपूरच्या मातीतील पेवांत हळद साठवली जात असे. याच हरिपुरात १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल जन्मले. त्यांच्या 'संगीत शारदा' नाटकातील भुजंगनाथाला उतारवयात कोवळी नवरी हवी आहे. पुढे १८९८ साली सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी ययातीची कथा नव्याने लिहिली. एका म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या मुलीचे तारुण्य हवे, तर दुसऱ्याला स्वतःच्या मुलाचे. वर्गात हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्या दिवशी मात्र घरी परतताना वाटले, की तारुण्याची अशी देवघेव आम्ही पुस्तकात शोधत बसलो आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात कधी पाहिलीच नाही.

आमच्या आईचे माहेर सातारा जिल्ह्यात, वाईजवळचे. कृष्णा ज्या वाटेने सांगलीला येते, त्याच वाटेने लग्न होऊन आईही आली. लग्नातील छायाचित्रात तिचे गाल भरलेले आहेत, कांती तुकतुकीत आहे. आमच्या आठवणीतील आई निराळी आहे. पस्तिशीतच तिची कातडी कोरडी पडलेली, ओठांचे कोपरे चिरलेले, वरचेवर तोंड आलेले. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि "रक्त कमी आहे" एवढेच सांगितले. घरात अन्नाची ददात नव्हती. दुधावरची साय वडिलांच्या आणि आमच्या वाटीत पडे. तासगावचा बेदाणा आला, की ती आमच्या हातावर मोजून ठेवी. आमटीतील डाळ वाढपात संपे. मागे राही ती गार भाकरी आणि खर्डा. हळदीला तर ती कधीच मुकली नाही. रोजच्या फोडणीत हळद होतीच, बोटेही कायम पिवळी असत. लोक आमच्याकडे पाहून म्हणत, "पोरं कशी टवटवीत आहेत!" आम्हांस ते आमचेच रूप वाटे. पुरूला निदान कोणी विचारले तरी होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून घेतले आणि जे ठाऊक होते ते सांगितले. त्वचेचा रंग जन्माने मिळतो. खाण्याने तो पालटत नाही. मात्र त्वचा घडते ती खाल्लेल्या अन्नातूनच. तिला घट्ट धरून ठेवणारे कोलॅजन प्रथिनांचे असते आणि ते नीट बनण्यास क जीवनसत्त्व लागते. म्हणजे भाकरीबरोबर डाळ किंवा कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची उसळ हवी, पालेभाजी हवी, वर लिंबू पिळावे, दिवसातून एखादा पेरू वा आवळा खावा. लोह पुरेसे नसेल तर चेहरा निस्तेज दिसतो. मूठभर शेंगदाण्यांतून स्निग्धांशही मिळतो. हळदीचे दूध खुशाल प्यावे. पण हळदीतील कर्क्युमिन शरीरात फारच थोडे शोषले जाते, तेव्हा कपभर दूध भाकरीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय अकाली सुरकुत्या पडण्यात उन्हाचा वाटा मोठा असतो. तेथे पथ्यापेक्षा डोक्यावरचा पदर अधिक उपयोगी.

तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी रात्रीची भाकरी खाऊ?"

या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. वाङ्मयाच्या तासाला स्त्रीच्या दुःखाविषयी इतके बोलून झाल्यावर तिला आमच्याकडून हवी होती ती जेवण्याची परवानगी. आम्ही म्हटले, "खा. आणि आईलाही बरोबर बसव." घरी काय झाले ते तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. एखाद्या मॅडमच्या सांगण्याने घरातील पंगतीचा क्रम बदलत नसतो, हे आम्हांस ठाऊक आहे.

आई आता आमच्याजवळ असते. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे आहे आणि कोणत्याही आहाराने ते आता उलगडणार नाही. पहिले ताट आम्ही तिचे वाढतो, वाटीत साय घालतो. ती ताटावर बसते, घास हातात धरून ठेवते आणि विचारते, "तुमची झाली का जेवणं?"