पट्टीत मावेल तेवढं

चॅनलच्या नव्या रूपाचं सादरीकरण नेहमी गारेगार कॉन्फरन्स रूममध्ये होतं. मोठा पॅनल, मंद दिवे, थेट हार्ड डिस्कवरून चालणारी फाइल. तिथे सगळंच झकास दिसतं. घरी तेच ट्यूबलाइटच्या उजेडात, भिंतीवरच्या ३२ इंची सेटवर, केबलवाल्याच्या बॉक्समधून पिळून निघाल्यावर पोहोचतं. धूर, ठिणग्या, तरंगणारे सोनेरी कण यांचे वाटेत चौकोनी ठोकळे होतात. निळ्यातून काळ्यात विरघळणारी पार्श्वभूमी पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागते. ग्राफिक्सच्या खोलीत एक स्वस्त टीव्ही आणि साधा सेट-टॉप बॉक्स कायम चालू असावा. तिथे जे टिकत नाही ते काढून टाकायचं, कितीही रात्री जागून केलेलं असलं तरी.

*

१९२० बाय १०८० ची चौकट मिळाली म्हणजे ती सगळी आपली नसते. युरोपीय प्रक्षेपकांचा आजचा दंडक असा, की अक्षरं आणि आकृत्या चारही कडांपासून पाच टक्के आत हव्यात. म्हणजे डावी-उजवीकडे ९६ पिक्सेल, वर-खाली ५४. जुना नियम अक्षरांसाठी चारही बाजूंनी दहा टक्क्यांचा होता. आता सपाट टीव्ही आले, कडा कापल्या जात नाहीत असं पोरं सांगतात. बरेच सेट अजूनही आपणहून चित्र थोडं फुगवून दाखवतात आणि ती सेटिंग घरात कोणी बदलत नाही. शिवाय काही ठिकाणी केबलवाला तळाशी स्वतःच्या जाहिरातीची पट्टी चिकटवतो. साडीच्या सेलखाली आपला टिकर जातो, त्याला इलाज नाही.

*

विकत घेतलेले परदेशी टेम्प्लेट दिसायला देखणे असतात. मात्र त्यातली पट्टी रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेली असते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. तीच पट्टी घेऊन फक्त फॉन्ट बदलला, की एक तर मात्रा कापल्या जातात, नाही तर अक्षर इतकं लहान करावं लागतं की आजोबांना चष्मा शोधावा लागतो. पट्टी आखतानाच एक कसोटीची ओळ टाइप करून ठेवावी. माझी ओळ अशी: ‘काँग्रेसच्या ॲड. हृषीकेश यांचा कुर्ल्यात मोर्चा’. बातमी म्हणून बिनकामाची आहे, पण यात चंद्रबिंदू, रफार, ऋकार, उकार सगळे आले. ही ओळ नीट बसली तर बाकी बसतं.

*

शेतकऱ्यांना. कर्मचाऱ्यांचा. पायऱ्या. वाऱ्याचा वेग. मराठी बातमीपत्रात अर्धा ‘ऱ’ दर दोन मिनिटांनी येतो आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात पहिला बळी त्याचाच जातो. ‘शेतकर्यांना मदत’ अशी पट्टी लागते आणि दिवसभर कोणाच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी कुठल्या तरी निवृत्त शिक्षकांचा फोन येतो. श्रीलिपीत टाइप केलेलं जुनं साहित्य अजून सगळीकडे पडून आहे. ते बदलून घेतलं की ‘र्य’ शोधून एकेक तपासावा. सरसकट बदलू नये, कारण ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ बरोबरच असतात.

दुसरं, ‘ल’ आणि ‘श’. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये हे हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळण पक्कं केलं, तरी ते पडद्यावर आपोआप उमटत नाही. काही फॉन्टमध्ये मराठी रूप आत दडलेलं असतं, ते सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली तरच बाहेर येतं. नसेलच तर दुसरा फॉन्ट बघावा. ‘तिरो देवनागरी मराठी’ खास मराठी वळणाचा आहे, पण त्याच्या बारीक रेघा छापील पानाला शोभतात, पट्टीला नाही. एक टाइप या मुंबईच्या गटाचा ‘मुक्ता’ सात वजनांत, मोफत परवान्यावर मिळतो आणि टीव्हीवर खणखणीत उभा राहतो.

आफ्टर इफेक्ट्समध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर फॉन्टला शिव्या घालण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये टाइपचं इंजिन कोणतं लावलंय ते बघावं. जुन्या आवृत्तीत दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन वेगळं निवडावं लागतं.

*

अक्षर-अक्षर उडत येण्याचा प्रीसेट देवनागरीला लावू नये. वेलांटी आधी पोहोचते, व्यंजन मागून धापा टाकत येतं, शिरोरेषेचे तुकडे हवेत लोंबतात. अ‍ॅनिमेशन शब्दावर बसवावं. त्याहून बरा मार्ग शिरोरेषेतच आहे. आधी नुसती रेघ डावीकडून उजवीकडे ओढली जाऊ द्यायची, साधारण सहा फ्रेम. ती थांबायच्या आत शब्द तिच्या मागून खाली सरकत उतरतो, आणखी आठ फ्रेम. वरच्या मात्रा त्याच वेळी रेघेच्या वर उगवतात. त्यासाठी एकच मजकूर दोन थरांत घ्यावा, एकाला रेघेखालचा मास्क, दुसऱ्याला वरचा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण हे रोमन टेम्प्लेटमधून आलेलं नाही हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

शिरोरेषेचा एक त्रासही आहे. आपल्याकडे प्रक्षेपण २५ फ्रेमचं, आणि इंटरलेस्ड असेल तर सेकंदाला ५० फील्ड. एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ दोनांपैकी एकाच फील्डमध्ये येते आणि सेकंदाला पंचवीसदा लुकलुकते. लॅपटॉपवर हे दिसत नाही, ऑन एअर दिसतं. म्हणून लाइट वजनाचा फॉन्ट पट्टीत घेऊच नये, शिरोरेषा निदान दोन-तीन पिक्सेल जाड ठेवावी आणि मजकूर पूर्ण पिक्सेलवर बसवावा.

*

टिकरचा वेग डोळ्याने ठरवू नका, भागाकार करा. फील्डला ४ पिक्सेल म्हणजे सेकंदाला २००. पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शब्द ९.६ सेकंदांत जातो. फील्डला ६ केले तर ६.४ सेकंद. पूर्णांक ठेवला की अक्षर स्वच्छ सरकतं. अपूर्णांक आला की कडा थरथरतात.

*

लाल. प्रत्येक न्यूज चॅनलला लालच हवा, आणि तोही ‘अजून लाल’. प्रक्षेपणात रंगाची माहिती उजेडाच्या मानाने पातळ पाठवली जाते: चार पिक्सेलना मिळून एकच रंग. भडक लालात उजेड मुळातच कमी, म्हणून काळ्यावरचं लाल अक्षर कडांना फिसकटतं. लाल पट्टीवर पांढरं अक्षर चालतं, काळ्या पट्टीवर लाल नाही. आणि व्हाइट २३५ च्या वर, ब्लॅक १६ च्या खाली गेला तर मास्टर कंट्रोलवाले फाइल परत पाठवतात. ते खडूस नसतात, त्यांचं कामच ते आहे.

*

जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा राजकारणावर बरीच चर्चा झाली, पट्ट्यांचं काय झालं ते ग्राफिक्सवाल्यांनाच ठाऊक. औरंगाबादच्या पाच अक्षरांच्या जागी छत्रपती संभाजीनगरची दहा, वर मधली मोकळी जागा. लोकेशनच्या चौकटी, हवामानाचे नकाशे, मतदारसंघांचे तक्ते सगळीकडे नाव बाहेर सांडू लागलं. धाराशिवने तेवढी जागा वाचवली. घाईत अक्षरं आडवी चेपली जातात; नव्वद टक्क्यांच्या खाली चेपलेली देवनागरी अक्षरं आजारी दिसतात. त्यापेक्षा इनपुट डेस्कशी बसून एकच संक्षेप ठरवावा, ‘छ. संभाजीनगर’ तर ‘छ. संभाजीनगर’, आणि तो सगळ्या बुलेटिनांत तसाच ठेवावा. कुठलाही टेम्प्लेट ‘पुणे’ टाकून तपासू नये. ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ टाकावं.

*

महाराष्ट्राचा नकाशा टीव्हीच्या चौकटीत जरा अडचणीचा. उजव्या वरच्या कोपऱ्यात चॅनलचा लोगो बसतो आणि त्याखाली गोंदिया गडप होतं. सिंधुदुर्ग टिकर गिळतो. या दोन टोकांच्या लोकांना आपलं हवामान वर्षानुवर्षं दिसलेलंच नसतं. नकाशा थोडा लहान करून वर-डावीकडे सरकवा, एवढंच.

भारताचा नकाशा परदेशी साइटवरून उतरवू नये, जम्मू-काश्मीरची सीमा तिथे हमखास वेगळी असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. एकदा नीट काढून सर्व्हरवर ठेवावा आणि सगळ्यांनी तोच वापरावा.

*

वेळेचा हिशेब: बाइट आठ सेकंदांची असेल तर हातात २०० फ्रेम. नावाची पट्टी पहिल्या सेकंदानंतर यावी, दहा-बारा फ्रेममध्ये बसावी, आणि नाव-पद सावकाश दोनदा वाचून होईल इतकी थांबावी. जाताना सहा फ्रेम पुरे, जाणाऱ्याकडे कोणी बघत नसतं. ईझी ईज लावून गप्प बसू नका. सगळं जग तेच लावतं म्हणून सगळ्यांच्या पट्ट्या सारख्याच आळसावलेल्या हलतात. ग्राफ उघडून सुरुवातीचा वेग चढवा, शेवट लांबवा.

*

निकालाच्या दिवसाची तयारी महिनाभर आधी सुरू होते. विधानसभेच्या २८८ जागा, बहुमत १४५, हे दोन आकडे पाठ असतात, घोळ रंगांचा. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, त्यामुळे २०२४ ला दोन आघाड्यांत मिळून सहा मोठे पक्ष झाले. त्यात भगव्या-केशरी कुळातलेच निम्मे. एकमेकांशेजारी ठेवल्यावर ते रंग स्वस्त टीव्हीवर एकच दिसतात. अशा वेळी रंगावर भरवसा न ठेवता प्रत्येक खान्यात चिन्ह आणि नाव दोन्ही द्यावीत. ‘शिवसेना (उबाठा)’, ‘राष्ट्रवादी (शप)’ या कंसांसाठीही जागा हवी.

आकडे समान रुंदीचे घ्यावेत. नाही तर ९९ चे १०० होताना, किंवा १ चा ८ होताना सगळी रांग नाचते. तालमीसाठी खोटा डेटा भरतात, तो कधीही ऑन एअर जाऊ शकतो. म्हणून त्या काळात प्रत्येक पानावर ‘चाचणी’ असा शब्द पडद्याच्या अर्ध्या रुंदीचा आडवा असू द्यावा. पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, कोणीतरी ‘अरे, तो काढ ना, लेआउट दिसत नाहीये’ म्हणतंच. काढू नये. आणि शून्य भरून बघावं, तीन आकडी भरून बघावं, दोघांचे आकडे सारखे आले तर काय दिसतं तेही बघावं.

*

अल्फा, म्हणजे पट्टीच्या पारदर्शकतेची माहिती. काळ्यावर तपासलेली पट्टी पांढऱ्या शर्टावर लावली की कडेला काजळी दिसते. स्ट्रेट आणि प्रीमल्टिप्लाय यांची गल्लत झालेली असते. प्रोरेस ४४४४ द्या किंवा टार्गा सिक्वेन्स द्या, अल्फा कोणता ते सोबत लिहून द्या. विझआरटी किंवा वास्प-३डीवर लाइव्ह चालणाऱ्या पानांना हा प्रश्न कमी, तिथे फिल आणि की वेगवेगळे जातात. पण तिथे टेक्सचर जड केलं तर मशीन ऐन वेळी अडखळतं.

*

दूरदर्शनचं ते जुनं फिरत-फिरत जुळणारं चिन्ह पुन्हा एकदा बघा. अहमदाबादच्या एनआयडीत देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने ते काढलं आणि तिथल्याच आर. एल. मिस्त्रींनी त्याच्या कागदी प्रती कॅमेऱ्याखाली फिरवून हलतं केलं. दोन वळणदार आकार, मधला गोल, सनईचा सूर. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरसाठी मार्टिन लॅम्बी-नेअर्नने रंगीत ठोकळे एकत्र येऊन आकडा होताना दाखवला. त्याला संगणक लागला, तो अमेरिकेत जाऊन वापरावा लागला. दोन्हींत एकच हालचाल आहे: सुटे भाग येतात, जुळतात, थांबतात. आजच्या आपल्या मोंटाजमध्ये कॅमेरा बोगद्यातून घुसतो, काच फुटते, पृथ्वी फिरते, मग लोगो येतो, मग लोगोवर चकाकी फिरते. यातलं कुठलं एक ठेवायचं ते विचारलं की मीटिंग लांबते.

मालिकेच्या किंवा नाटकाच्या शीर्षकाचं काम असेल तर कमल शेडगे यांची वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं काढून समोर ठेवा. काळं-पांढरं, बोटभर रुंदीचा कॉलम, हलण्याची सोय नाही. तरी प्रहसन की गंभीर, ते नाव वाचायच्या आत समजतं. त्या अक्षराला नंतर फक्त थोडं हलवायचं असतं.

*

मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी येते आणि नेहमीचा ब्रेकिंगचा स्टिंग ढणढणत लागतो. ज्याने बटण दाबलं त्याचा दोष नसतो, त्याच्याकडे दुसरं काही दिलेलंच नसतं. शांत, करड्या रंगाचा, आवाजाविना येणारा एक संच पहिल्याच दिवशी बनवून द्यावा. त्यात वर्षांसाठी दोन खाने आणि फोटोला चौकट. हा संच कोणी मागत नाही.

*

फ्रीलान्स करणाऱ्यांसाठी. ‘जरा ग्रँड करा’, ‘पॉप होत नाहीये’ यावर काम सुरू करू नका. ‘कोणाचं आवडलं ते दाखवा, सर’ म्हणा. बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी चॅनलचं नाव निघतं आणि आपलं काम सोपं होतं. बदलांच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे, हे आधी मेलवर. सोर्स फाइलचा दर वेगळा. फॉन्टचा परवाना कोणाच्या नावावर, तेही लिहून घ्या.

*

टेम्प्लेट सोपवताना रात्रपाळीचा ऑपरेटर डोळ्यांसमोर ठेवा. पहाटे चारला अपघाताची बातमी आली की तो एकटाच असतो. त्याला फक्त दोन खाने उघडे द्या, ‘नाव’ आणि ‘पद’, मराठीत लिहिलेले. बाकी सगळे लेयर कुलूपबंद. मजकूर वाढला तर फॉन्ट आपोआप एका मर्यादेपर्यंतच लहान व्हावा, त्यापुढे खाना लाल होऊन अडवावा. आणि एक नमुना भरून ठेवा, सगळ्यात लांब नावाचा.