आंबोलीची सीतेची वेणी

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढताना मे महिन्याच्या अखेरीस झाडांकडे वर पाहावे. आंब्या-जांभळांच्या खोडांवर पांढऱ्या फुलांचे, जांभळट ठिपक्यांचे लांब घोस लोंबताना दिसतात. हे ऑर्किड, आपल्याकडे त्याला सीतेची वेणी म्हणतात. आसामचे हे राज्यफूल. तिथे त्याला कोपौ म्हणतात आणि बिहूच्या सणात मुली ते केसांत माळतात.

आमच्यासोबतच्या मुलांनी विचारले, "हे बांडगूळच ना?" नाही. बांडगूळ झाडात मुळे रुतवून त्याचा रस शोषते. सीतेची वेणी झाडाचा फक्त आधार घेते. तिची जाड मुळे हवेत लोंबतात आणि पावसाचे पाणी टिपतात. कोरडी असताना ती पांढुरकी दिसतात, भिजली की हिरवी होतात.

घरी लावायची तर माती नको. रोपवाटिकेतून रोप आणून आंब्याच्या खडबडीत खोडाला काथ्याने बांधावे. किंवा लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे घालून टांगावे. कोवळे ऊन, खेळती हवा, उन्हाळ्यात नियमित पाणी, थंडीत बेताचे.

तिचे बी धुळीइतके बारीक असते. रानात ते विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच रुजते आणि रोप फुलायला काही वर्षे जातात. म्हणून जंगलातून ओरबाडलेले रोप कुणी विकायला आणले तर घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर ओरबाडणारा कशाला रानात जाईल? आणि परसातला जुना आंबा तोडण्याआधी एकदा त्याच्या फांद्या नीट पाहून घ्या.