भाड्याच्या घरातील शयनगृह

पुनर्विकासासाठी जुनी इमारत रिकामी करून पुण्यातील एक निवृत्त दांपत्य वृद्ध आईसह भाड्याच्या सदनिकेत राहावयास गेले. आईच्या वाट्यास १० बाय ९ फुटांची खोली आली. एका कोपऱ्यात खांब पुढे आलेला, दोन भिंतींत दोन दारे, तिसरीत खिडकी. घरचा शिसवी दुहेरी पलंग मांडताच त्याचा पायथा आणि खांब यांच्यामध्ये दीड फूट वाट उरली. त्यातून आईचा वॉकर जाईना. रात्री दोनदा न्हाणीघरात जावे लागणाऱ्या ८२ वर्षांच्या स्त्रीसाठी हा प्रश्न सजावटीचा नव्हता.

मुलाने आलेखपत्रावर खोली आखली, पुठ्ठ्याचे तुकडे कापून चार दिवस सरकवले. पलंग मात्र हलवावासा वाटेना. तो वडिलांनी करून घेतलेला होता. अखेर आईच म्हणाली, “अरे, पलंग तुझ्या वडिलांचा, पण पडले तर हाड माझे मोडेल.”

पलंग धाकट्या बहिणीकडे गेला. तीन फुटी खाट खिडकीच्या भिंतीलगत आली, कपाट समोर गेले, मधली वाट मोकळी झाली. करार ११ महिन्यांचा आणि अनामत परत मिळवायची. म्हणून भिंतीत खिळा न ठोकता पडद्यासाठी दोन भिंतींत ताणून बसणारी दांडी आणली. न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीलगत मंद दिवा लावला, सतरंजी गुंडाळून ठेवली.

खोलीची शोभा पाहुण्याच्या डोळ्यांनी ठरते. तिची सोय मात्र तेथे झोपणाऱ्याच्या पावलांनी मोजावी लागते.