नव्या पाण्याचे दिवस

सत्तरच्या दशकात महाराष्ट्राच्या गावांत वाढलेल्या आम्हा सगळ्यांना आषाढ म्हटलं की नदीचं तांबडं, गढूळ पाणी आठवतं. ते पाणी आलं की घरोघर कुणाचं तरी पोट बिघडे. माठाच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं असे, हंड्यात तुरटी फिरवली जाई. तुरटीने गाळ खाली बसे, पण सगळे जंतू काही मरत नसत. आणि दहा-बारा माणसांचं पिण्याचं पाणी रोज उकळायचं, तर तेवढं सरपण कुठून आणणार?

जुलाब कशाने झाले, हे घरातल्या बायका ठरवत. धाकट्याला दात येतायत, मधलीला वरचं दूध बाधलं, थोरल्याने आंबे फार चापले. दातांचा जुलाबांशी संबंध नसतो, पण रांगतं मूल त्याच वयात जमिनीवरचं सापडेल ते तोंडात घालतं. दुधापेक्षा दोष बहुतेक वेळा नीट न धुतलेल्या बाटलीचा असे, आंब्यापेक्षा त्यावर बसलेल्या माश्यांचा. परसातून आलेले हात नुसत्या पाण्याने धुतले जात. लहान मुलांच्या जुलाबांचं एक मोठं कारण असलेला रोटाव्हायरस तर १९७३ साली मेलबर्नमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. आमच्या आज्यांना तो कुठून ठाऊक असणार!

उपाय तयार असत. उगाळलेलं जायफळ, सुंठ, कुड्याची साल, ताकभात, मीठ घातलेली पेज. पण त्याबरोबर एक ताकीदही असे: पाणी जास्त देऊ नका, आणखी होतील. तहानेने कासावीस झालेल्या पोराला चमचाभर पाण्यावर ठेवत. डोळे खोल जात, तान्ह्याची टाळू बसे, पोटाची कातडी चिमटीतून सोडली तरी तशीच उभी राही. जीव जाई तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने. आमच्या पिढीतल्या किती घरांत एखादं भावंड असं गेलं, आणि त्याचं नाव पुढे कुणी घेतलं नाही.

याच काळात, १९७१ साली, बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती. सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. जुलाब चालू असतानाही आतडं साखरेबरोबर मीठ आत घेतं आणि त्यामागून पाणी येतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

ते आमच्या ओसरीवर पोचलं आरोग्यसेविकेच्या तोंडून: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आज्यांना ते पटायला वेळ लागला. पण त्यांच्या पेजेत मीठ होतं, तांदळाचा पिठूळ अंश होता, पाणीही होतं. ती वाटीभर न देता पातेलंभर, घोट घोट करून दिवसभर पाजायला हवी होती. आता आमच्यापैकी बहुतेकींच्या घरी जायफळाच्या डबीशेजारी जलसंजीवनीची पाकिटं असतात, आणि नातवंडांना रोटाव्हायरसची लस वेळेवर पाजली की नाही, हे आम्ही सुनांना आणि लेकींना आवर्जून विचारतो.