बोअरचं मशीन आलं अन् सगळ्यांना बहीण आठवली

आज १२ जून २०२५.

मृग लागून चार दिवस झाले, पण आपल्याकडे अजून उन्हाळाच सुरू आहे. यंदा मान्सून २४ मेलाच केरळात उतरला. २६ ला मुंबईत पोचला, तेव्हा टीव्हीवाल्यांनी असा गाजावाजा केला की आमच्या गावात दोघा-तिघांनी सरकीच्या बॅगा आणून ठेवल्या. मग पाऊस जो थांबला तो थांबलाच. मे महिन्यातल्या अवकाळीनं वावरात गवत तेवढं उगवून दिलं. ते मोडायला मला वखराचा एक फेर जास्तीचा मारावा लागला, म्हणजे डिझेलचा खर्च वाढला.

नंदनवनहून वावर चाळीसेक किलोमीटर. दिघोरी सोडलं, विहीरगाव, पाचगाव मागे टाकलं की पुढे कोळशाच्या ट्रकांची सोबत सुरू होते. पावसाळ्यात उघड्या खाणीत पाणी भरते, कोळसा काढणं मंदावते, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी वाहतुकीची घाई असते. मोटरसायकलवर पांढरा शर्ट घालून निघालो तर पोचेपर्यंत तो पांढरा राहात नाही. त्यात नवल काही नाही. या पट्ट्यात आमची लहानपणापासून हीच तऱ्हा आहे.

वावराचा हिशोब असा. पऱ्हाटीची धसकटं वेचून झाली. शेणखत सहा गाड्या पडलं. घरच्या सोयाबीनची उगवण तपासली. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते, त्यातले ७८ उगवले. सत्तरच्या वर आहे म्हणजे एकरी तीस किलो धरून चालते. कापसाची बॅग यंदा ९०१ रुपये, मागच्या साली ८६४ होती. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ झाला, कागदावर चांगला दिसतो. मागच्या हंगामात ४,८९२ होता अन् बाजारात तेवढाही भेटला नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी अजून एक दाणा जमिनीत टाकला नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय टाकणारही नाही. धूळपेर करणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, ज्याची त्याची जमीन. पण दुबार पेरणीचे पैसे माझ्या खिशात नाहीत.

तर मग माणसं रिकामी आहेत. रिकामा कास्तकार टपरीवर बसतो. मोझरीला बच्चू कडूंचं अन्नत्याग आंदोलन सुरू आहे, त्यावर एक तास गेला. कर्जमाफी होईल का, झाली तर नियमित भरणाऱ्याचं काय, हे झालं. शाळा २३ तारखेला उघडतील, पोरांच्या वह्या-पुस्तकांचं झालं. अन् मग परवा कोणीतरी सांगितलं की नाल्याच्या पलीकडे बोअरचं मशीन उभं आहे. पाण्याचं नाही, कोळसा पाहायचं.

त्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही.

मतं किती प्रकारची निघाली ते सांगतो. एक म्हातारे बाबा म्हणाले, "जाऊ द्या जी जमीन. पन्नास वर्षं वाहून पायली, काय भेटलं?" त्यांच्या शेजाऱ्याची जमीन फार आधी खाणीत गेली. त्याचा पोरगा खाणीत लागला, क्वार्टर भेटलं, नातवंडं इंग्रजी शाळेत शिकली, आता पेन्शन आहे. हे खोटं नाही. या पट्ट्यात खाणीच्या पगारावर उभी राहिलेली कित्येक घरं मी दाखवू शकतो. दुसरा एक जण म्हणाला, "तवाची गोष्ट येगळी होती. आता मशिनी आल्या, ठेकेदार आले. नोकरी किती जनाले लागन?" हेही खोटं नाही. तिसऱ्याला फक्त एकच चिंता, की विहिरीचं अन् संत्र्याच्या झाडांचं मोल वेगळं धरतात की नाही. अन् पोट्टे तर मोबाईलवर गाड्यांचे भाव पाहायला लागले.

काही जण म्हणाले, मशीन आलं म्हणजे जमीन गेलीच. इथे थोडं थांबा. मी वकील नाही, पण गेल्या दोन दिवसांत कायदा वाचून पाहिला. कोळशाच्या जमिनीसाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे, कोळसा धारक क्षेत्र अधिग्रहण व विकास कायदा. त्यातलं कलम ४ म्हणजे फक्त शोध घेण्याची सूचना, खाली कोळसा आहे की नाही ते पाहणं. कलम ७ म्हणजे जमीन घेण्याचा इरादा. ती अधिसूचना निघाल्यावर ३० दिवसांत हरकत घेता येते. कलम ९ ची घोषणा झाली अन् ती राजपत्रात आली, की मग जमीन सरकारची. म्हणजे मशीन दिसणं अन् जमीन जाणं यात मोठं अंतर आहे. मशीन येऊन गेलं अन् पुढे वर्षानुवर्षं काहीच झालं नाही, असंही होते. आमच्याकडे तर कोणती अधिसूचना निघाली, तिचा कागद कोणाच्याच हातात नाही. सगळी हवा आहे.

पण हवेवरसुद्धा घरं हलतात, म्हणून ही पोस्ट लिहितो आहे.

कोल इंडियाचं २०१२ चं पुनर्वसन धोरण सांगते की दर दोन एकरामागे एक नोकरी धरता येते. ज्याची दोन एकरापेक्षा कमी आहे, त्यांनी जमीन एकत्र करून एकाचं नाव द्यायचं, असाही पर्याय त्यात आहे. किंवा मग ज्याची जमीन जास्त त्याचं नाव वर, अशी उतरती यादी लावायची. नोकरी ज्याला बसत नाही त्याला त्या बदल्यात एकरी ५ लाख, जमिनीच्या मोबदल्याशिवाय वेगळे. हे दोन एकराचं गणित गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. अन् गणित सुरू झालं की पहिला प्रश्न येतो, सातबाऱ्यावर नावं किती?

आमचंच सांगतो, दुसऱ्याचं कशाला सांगू. बाबांच्या नावानं सहा एकर. बाबा जाऊन चार वर्षं झाली. आम्ही तिघं, ताई मोठी, मी मधला, अन् धाकटा भाऊ गावातच राहतो. सहा एकर म्हणजे तीन नोकऱ्या, निदान टपरीवरच्या गणितात. धाकट्याला दोन पोरं, मला एक. म्हणजे ताईचं नाव नसलं तर हिशोब कसा बरोबर बसतो पाहा. शिवाय दोघांतच जमीन राहिली तर प्रत्येकाच्या नावावर तीन-तीन एकर दिसते अन् उतरत्या यादीत नाव वर सरकते. धाकट्यानं परवा मला फोन केला, "दादा, ताईले बोलावून घे ना. हक्कसोड करून घेऊ. आता केलं त सोपं जाते, मंग भाव वाढला की सारेच बदलतेत."

तो वाईट माणूस नाही. बाबांच्या आजारपणात रात्री त्यानंच जागून काढल्या, अन् आज वावरात रोज तोच उभा असतो. मी आठवड्यातून तीनदा जाणारा. त्याच्या पोटातली भीती मला समजते. माझाही पोरगा बी.कॉम. करून नंदनवनात घरोघरी पार्सल पोचवतो. मला ती नोकरी नको आहे असं नाही.

पण ताईचं काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. विहीर खोदली त्या साली ती नववीत होती. मजुराला द्यायला पैसे नव्हते. आई-बाबा खाली खोदायचे अन् ती वरून मुरूम ओढायची. शाळा सुटली ती सुटलीच. त्या विहिरीच्या पाण्यावर मी कॉलेज शिकलो, धाकट्यानं आयटीआय केलं. ताईचं लग्न झालं भिवापूरकडे. तिच्या घरी दोन एकर, मिरची अन् थोडं धान. भाऊजी गेल्यापासून ती एकटी करते. तिची पोरगी नागपुरात डिप्लोमा शिकते.

मंगळवारी वटपौर्णिमा होती. वडाची पूजा आता ती करत नाही, पण त्या दिवशी पोरीला भेटायला नागपूरला आली होती, संध्याकाळी आमच्याकडे थांबली. मशीनची गोष्ट तिच्यापर्यंत माझ्या आधीच पोचली होती. जेवण झाल्यावर ती माझ्या बायकोसोबत भांडी आवरत होती, तिथूनच म्हणाली, "भाऊ, सई मांगशीन त मी देईन. माहेर तुटलेलं मले चालत नाई. पण तू मांगू नोको."

बस, एवढंच. नंतर मिरचीच्या रोपांचं बोलत राहिली.

आता माझं मत स्पष्ट लिहितो. गावातले काही जण नाराज होतील, होऊ द्या.

बहिणीचा हिस्सा ही भावाची मेहेरबानी नाही. २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकी वाटेकरी झाली. बाप २००५ च्या आधी वारला की नंतर, यावर वाद होता, तो सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात संपवला. आपण रक्षाबंधनाला शंभराची नोट ओवाळणीत टाकतो अन् दुसऱ्या दिवशी हक्कसोडचा स्टँप आणतो. बहिणीही सही करतात. कायदा त्यांना माहीत नसतो असं नाही. सही केली नाही तर दिवाळीला कोणत्या घरी जायचं, हा प्रश्न असतो. या एका भीतीवर आपले सातबारे साफ होत आले आहेत.

"ती तर सासरी खाते, तिला कशाला?" असं टपरीवर एक जण म्हणाला. मी विचारलं, तुमचा पोरगा पुण्याला खाते, त्याचं नाव कापलं का? त्यावर तो चहा पिऊन उठून गेला.

आणखी एक. जमीन वाहत आहोत तोपर्यंत तडजोड चालते. ताई दर सालाला दोन पोती तूर-सोयाबीन नेते, हिस्सा कधी मागितला नाही, आम्हीही मोजून दिला नाही. पण जमीन जर खरंच गेली, तर ती एकदाच जाते. तेव्हा जे नाव कागदावर नसेल त्याला पुन्हा जागा नाही. धुरा फोडला तर पुन्हा बांधता येते. खाणीत गेलेलं वावर पुन्हा वाटून घेता येत नाही.

म्हणून काल मी काय केलं ते सांगतो. बाबांच्या मृत्यूचा दाखला, वारसांचं स्वयंघोषणापत्र, सातबारा अन् आधार घेऊन वारस नोंदीचा अर्ज टाकला, तिघांच्या नावानं. सरकारनं यंदा एप्रिलपासून "जिवंत सातबारा" मोहीम चालवली, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला, तेव्हाच आम्ही करायला पाहिजे होतं अशी गावात पुष्कळांची गत आहे. मोहिमेची तारीख गेली तरी अर्ज करता येतो. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) किंवा घरबसल्या ई-हक्क प्रणालीवर. वाटणी करायची असेल तर शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय मे महिन्यात मंत्रिमंडळानं घेतला आहे, त्याचीही चौकशी करा. आम्ही वाटणी सध्या करत नाही. आधी तिघांची नावं लागू देत.

धाकट्याला अर्जाची पावती व्हॉट्सॲपवर पाठवली. निळी खूण झाली, उत्तर आलं नाही. आज सकाळी वावरात गेलो तर भेटला. पेरणीला तिफण लावायची की ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र, एवढंच बोलला. बीजप्रक्रियेचं औषध मात्र त्यानं आधीच आणून कोठ्यात ठेवलं होतं. अर्जाचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही. फेरफाराची नोटीस निघेल तेव्हा तो हरकत घेईल की नाही, ते तेव्हा दिसेल. घेतली तर मी उत्तर देईन, पण तिफणीवर माणूस तोच राहील.

तुमच्या गावात असं मशीन, रस्ता, धरण, काहीही येण्याची हवा असेल तर भाव विचारण्याआधी घरचा सातबारा काढून पाहा. त्यावर कोणाचं नाव आहे अन् कोणाचं असायला पाहिजे, हे दोन्ही एका कागदावर लिहा. मशीन परत गेलं तरी ते काम वाया जात नाही.

अन् हो, भिवापूर, कुही, पवनीकडच्या मंडळींनी तुमच्याकडे किती पाऊस झाला ते मिलिमीटरमध्ये कळवा. "बरा झाला" असं लिहू नका. ताईच्या मिरचीची रोपं तयार आहेत, लावणी कधी करायची ते मला तिला सांगायचं आहे.